जुन्या ट्रकचा 'ओरिजिनल' रंग कोणता? कंपनीचा, सरकारचा की आजोबांचा?

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या गॅरेजमध्ये सहज डोकावलो आणि दीड तास तिथेच अडकलो. कारण होतं एक जुना फार्गो ट्रक. मालकाच्या आजोबांनी घेतलेला, मग वडिलांनी चालवलेला आणि नंतर कित्येक वर्षं शेडमध्ये कोंबड्यांच्या सोबतीनं उभा राहिलेला. नातवाला तो परत उभा करायचाय. इंजिनाचं काम झालं, पाटे बसले, टायरही मिळाले. गाडी अडली ती रंगावर.

नातू म्हणाला, "काका, मला कंपनीचा ओरिजिनल कलर पाहिजे."

पेंटरकाकांनी पानाचा तोबरा बाजूला सारला आणि म्हणाले, "शेठ, कंपनीनं दिलं होतं नुसतं तोंड. मागचा ट्रक गावात बनला. आता सांगा, कुठला ओरिजिनल मारू?"

मंडळी, हसण्यावारी नेऊ नका. या एका वाक्यात आपल्याकडच्या ट्रकांचा अर्धा इतिहास आहे.

आधी फार्गो म्हणजे काय ते सांगतो, कारण नव्या पिढीला हे नाव माहीत नसतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता, त्यामुळे तिथून डॉज, डिसोटो आणि फार्गो या तीन नावांचे ट्रक निघत. नावं तीन, पण गाडी जवळपास एकच, फरक मुख्यतः बिल्ल्याचा. त्याआधी शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना 1928 पासून होता, तो 1954 मध्ये बंद झाला. त्याच 1954 मध्ये टाटांच्या टेल्कोनं जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक यायला लागले. 1969 ला करार संपला, बॉनेटवरचा तारा गेला आणि त्याच्या जागी 'टी' आला. गावाकडे जुनी माणसं अजून त्या गाडीला 'मर्सडी' म्हणतात, ते यामुळे.

आता काकांचा मुद्दा. त्या काळात कारखान्यातून ट्रक पूर्ण तयार होऊन निघत नसे. बहुतेक गाड्या निघत त्या चासी आणि काऊल एवढ्याच. म्हणजे इंजिन, चाकं, बॉनेट, पुढचे मडगार्ड आणि डॅशबोर्डपर्यंतचा पत्रा. ड्रायव्हर एखाद्या खोक्यावर बसून, डोक्याला फडकं बांधून ती उघडी चासी शेकडो मैल चालवत आणायचा. मग केबिन, हौदा, फाळका हे सगळं बॉडी बिल्डरकडे तयार व्हायचं. लाकूड सुताराचं, पत्रा लोहाराचा आणि रंग तिथल्या पेंटरचा. म्हणजे कंपनीचा रंग होता तो फक्त पुढच्या भागावर. मागच्या भागाला 'कंपनीचा रंग' कधी नव्हताच!

आणि ही गोष्ट कायद्यालाही ठाऊक आहे. गाडी नोंदवायच्या अर्जात रंगाचा जो रकाना आहे, तो 'गाडीचा रंग' असा एका शब्दात नाही. बॉडीचा, मडगार्डचा आणि पुढच्या भागाचा रंग किंवा रंग, असं त्यात विचारलेलं आहे. त्यामुळे घरात आजोबांचं जुनं आरसी बुक असेल तर ते रद्दीत देऊ नका. रंग शोधायची सुरुवात तिथून होते. पण त्यात 'ग्रीन' एवढंच लिहिलेलं असतं. आता हिरवा म्हणजे कुठला हिरवा? पोपटी, बाटलीचा, की शेवाळी?

इथून पुढे काकांनी जे केलं, ते मला एखाद्या उत्खननासारखं वाटलं.

पहिलं काम, ऊन न लागलेली जागा शोधणं. उघड्या पत्र्यावरचा रंग खोटं बोलतो. ऊन रंगातल्या तेलाचा आणि राळेचा थर खातं, वर नुसती रंगाची भुकटी उरते, हात फिरवला की खडूसारखी बोटाला लागते. लाल तर हमखास उडतो, गुलाबी पडतो. म्हणून काकांनी हेडलाइटची रिंग काढली, बिजागऱ्या सोडवल्या, काचेखालचं रबर उचकटलं, माहितीची पत्र्याची पट्टी होती तिचे रिव्हेट काढले, डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारला. या सगळ्या सावलीतल्या जागा. पहिला रंग जगला असेल तर तिथेच.

दुसरं काम घासणं. पण अख्खा पत्रा नाही, रुपयाएवढी जागा. पाणी टाकून वॉटर पेपरनं गोल गोल घासायचं, मधे खोल आणि कडेला उथळ. आधी जाड पेपर, मग बारीक, मग अगदी मऊ. हळूहळू तिथे झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसायला लागतात. मधोमध पत्रा, त्याभोवती तांबडं अस्तर, त्याभोवती पहिला रंग, मग दुसरा, तिसरा. बाहेरून आत मोजत गेलात तर ट्रकचं आयुष्य उलटं वाचता येतं.

आमच्या फार्गोच्या काऊलवर सगळ्यात वर तपकिरी होता. त्याखाली लाल. त्याखाली लांबीचा पातळ थर आणि मग हिरवा. हौद्याच्या पत्र्यावर मात्र वर तपकिरी, खाली लाल आणि संपलं. हिरवा नाहीच! काका बरोबर होते. पुढचं तोंड एका गावचं, मागचं धड दुसऱ्या गावचं. (एका गाडीवरून 'कंपनी हाच रंग देत होती' असं म्हणता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एकाच वर्षी चार रंग देणाऱ्या कंपन्या होत्या.)

आता तो वरचा तपकिरी बघा. तो ना कंपनीचा, ना आजोबांच्या आवडीचा. तो दिल्लीचा. 1975 साली नॅशनल परमिटची योजना आली, म्हणजे दर राज्याच्या सीमेवर वेगळा परवाना न काढता माल नेता येऊ लागला. पुढे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा गाड्यांचा रंग लिहून टाकला: सुकलेल्या पानाचा तपकिरी आणि त्याला जाड पांढरी किनार. धोकादायक माल नेणारे टँकर पांढरे, मधोमध त्याच तपकिरी रंगाची 5 सेंटीमीटरची पट्टी. आपल्या लहानपणी हायवेवर सगळे ट्रक एकाच तपकिरी रंगाचे का दिसायचे, याचं उत्तर हे आहे. आवडनिवड नव्हती ती, नियम होता.

पण गंमत बघा. 'सुकलेलं पान' हा रंग कसा जुळवायचा? पिंपळाचं पान सुकलं की वेगळं दिसतं, सागाचं वेगळं. नियमात रंगाचं नाव आहे, पेंटरच्या हातात डबा आहे, आणि मधल्या जागेत प्रत्येक गावानं आपापलं पान सुकवलं! म्हणूनच पंजाबच्या गाडीचा तपकिरी आणि आपल्याकडच्या गाडीचा तपकिरी शेजारी उभे केले तर भावकीतले वाटायचे, सख्खे नाही.

ही अडचण जगानं शंभर वर्षांपूर्वीच ओळखली होती. अमेरिकेत मन्सेल नावाच्या चित्रकला शिक्षकानं 1905 मध्ये रंगाला नावाऐवजी मापं द्यायची पद्धत मांडली: रंग कुठला, किती उजळ, किती गडद भरलेला. जर्मनीत 1927 साली राल नावाची रंगसूची आली, सुरुवातीला फक्त 40 रंगांची. ब्रिटिशांनी आपली मानकं केली. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये भारतीय मानक संस्था निघाली आणि तयार रंगांसाठी आयएस 5 ही सूची झाली. त्यात प्रत्येक रंगाला आकडा आहे. 'सिग्नल रेड' म्हणजे 537, 'गोल्डन यलो' म्हणजे 356. आकडा सांगितला की नागपूरचा आणि रत्नागिरीचा रंग एकच यावा, ही कल्पना. सरकारी टेंडरमध्ये हे आकडे असतात. ट्रकवाल्याच्या तोंडी मात्र 'तो नेहमीचा लाल' एवढंच असतं.

परत गॅरेजमध्ये येऊ. हिरवा सापडला, आता तो जुळवायचा. नातवाला वाटलं, सोपं आहे, दुकानात मशीन असतं. मशीन असतंच. पृष्ठभागावर टेकवलं की कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती परत आला ते मोजतं आणि मिश्रणाचं प्रमाण सांगतं. चांगलं काम करतं. पण तीन ठिकाणी ते फसवतं, आणि हे जुना पेंटर सांगतो तसं कुणी सांगत नाही.

एक, मशीन दाखवलेलाच रंग वाचतं. तुम्ही उडालेला रंग दाखवला तर उडालेलाच जुळवून देतं. म्हणून आधी त्या जागेवर पॉलिश मारून मेलेला थर काढावा लागतो.

दोन, लपलेली जागासुद्धा नेहमी खरं बोलत नाही. जुन्या इनॅमल रंगात जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेलं असत. हो, आपल्या विदर्भात पिकतं तेच जवस. हे तेल अंधारात राहिलं की पिवळं पडतं. म्हणजे डॅशबोर्डमागचा क्रीम रंग मुळात पांढरा असू शकतो, निळा असेल तर त्यात हिरवट झाक येते. उपाय बिनखर्चाचा आहे. ती जागा उघडी करून काही दिवस उजेडात ठेवायची. पिवळेपणा बराचसा उतरतो. काकांनी ग्लोव्ह बॉक्सचं झाकण आठवडाभर कौलांवर ठेवलं होतं, तेव्हा कुठे हिरव्याचा खरा चेहरा दिसला.

तीन, उजेड. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही हिरवे जुळ्यासारखे दिसले, बाहेर उन्हात नेले तर एक निळसर. असं होतं कारण जुन्या रंगातली रंगद्रव्यं आणि आजची वेगळी आहेत. एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात फुटतात. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस बघताना आपल्या आया दुकानाच्या दारात येऊन बघायच्या ना, अगदी तेच शास्त्र. ट्रक उन्हात उभा राहणार, तर रंग उन्हात जुळायला हवा. शिवाय ओला रंग फिका दिसतो, सुकल्यावर गडद होतो. म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर दोन हात मारून, पूर्ण सुकू देऊन मगच ठरवायचं.

जुने फोटो? त्यांच्यावर फार विसंबू नका. काळ्यापांढऱ्या फोटोतून रंग कळत नाही. काही जुन्या फिल्मवर तर लाल जवळजवळ काळा येतो आणि निळा फिका. पण किनार कुठून कुठे होती, अक्षरं कशी होती, मडगार्ड वेगळ्या रंगाचे होते का, हे फोटो नक्की सांगतो.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली, ते तीन मुद्दे. तिन्ही सार्वजनिक आहेत.

पहिला मुद्दा तब्येतीचा. जुन्या पिवळ्या, केशरी आणि कित्येक हिरव्या रंगांत शिशाचं क्रोमेट असायचं. तांबड्या अस्तरात काही वेळा शेंदूर असायचा, आणि शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. हे रंग टिकाऊ होते, झळझळीत होते, आणि विषारी होते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या वर नको असा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. गाड्या आणि कारखान्यांचे रंग त्यात येत नाहीत. आणि पन्नास वर्षांपूर्वीचा थर तर कुठल्याच नियमाला विचारत नाही. तो कोरडा घासला की धूळ उडते. ती पेंटरच्या छातीत जाते, त्याच्या कपड्यांवरून घरी जाते, रांगणाऱ्या पोराच्या तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिशानं होणारं नुकसान भरून येत नाही. म्हणून हौस करा, पण जुना रंग पाणी टाकूनच घासा, धूळ गाळणारा चांगला मास्क पेंटरला तुम्ही घेऊन द्या, खाली प्लास्टिक अंथरा, आणि कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत धुऊ नका. ट्रकवर लाखभर खर्च करणाऱ्यानं पेंटरच्या फुप्फुसावर काही शे रुपये खर्च करायला कचरू नये.

दुसरा मुद्दा कायद्याचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करी जीप आणि ट्रक डिस्पोजलमध्ये निघाले, नागरी लोकांनी घेतले. आज असा ट्रक कुणी उभा केला तर त्याचा मूळ रंग लष्करी हिरवा. पण केंद्रीय नियम 121 म्हणतो, संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. नियमामागचं कारण समजू शकतं, उद्या कुणीही लष्करी गाडी म्हणून नाक्यावरून निघून जाईल. पण मग ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या ट्रकनं आपला खरा रंग लावायचा कुठे?

तसंच 2021 च्या व्हिंटेज नियमांचं. 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी आणि चारचाकींना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000, मुदत 10 वर्षं, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. चांगला नियम आहे. पण त्याचा सगळा रोख शौकिनांच्या मोटारी आणि दुचाकींकडे आहे. महाराजांची रोल्स-रॉइस हा वारसा, आणि नाशिकचा कांदा चार राज्यांत पोचवणारा ट्रक म्हणजे भंगार? ज्या गाडीवर निम्म्या जिल्ह्याचा बाजार चालला, तिच्यासाठीही अशी एक खिडकी असावी, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते सांगा.

तिसरा मुद्दा सगळ्यात घाईचा. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते. यात राज्य परिवहन महामंडळांच्या गाड्या आल्या, नगरपालिकांच्या आल्या. प्रदूषणाच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे योग्य असेल, त्यावर माझं भांडण नाही. पण आपल्या एसटीचंच घ्या. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर ही पहिली गाडी धावली, बेडफर्डची, लाकडी बॉडीची. त्या काळच्या गाड्या निळ्या, वर चंदेरी टप. लाल नंतर आला, आणि आता तर 'लालपरी' हेच नाव झालं. आपल्या सगळ्यांना तो लाल पाठ आहे, असं आपल्याला वाटतं. पण एकदा स्टँडवर शेजारी उभ्या असलेल्या दोन वेगळ्या वयाच्या गाड्या नीट बघा. दोन लाल दिसतील. उद्या कुणी विचारलं की 1970 च्या एसटीचा लाल नेमका कसा होता, तर आपण काय दाखवणार? आठवण दाखवता येत नाही.

मागणी अगदी लहान आहे. गाडी भंगारात जाण्याआधी डेपोनं, पालिकेनं, अग्निशमन दलानं एक तळहाताएवढा पत्रा कापून घ्यावा. मागे गाडीचा नंबर, साल आणि जागा लिहावी. कागदी पाकिटात घालून कपाटात ठेवावा, पूर्ण अंधारात नको आणि उन्हातही नको. त्यासाठी ना समिती लागते ना निधी. एक कटर आणि एक मार्कर पेन पुरे.

आता शेवटी त्या फार्गोचं काय झालं?

नातवाचा हट्ट होता हिरव्याचा, कारण तो 'कंपनीचा'. पण त्याचे वडील येऊन उभे राहिले, त्यांनी त्या लाल वर्तुळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अरे, हा रंग बाबांनी दिवाळीला मारला होता. मी डबा धरून उभा होतो." मग कुणी काही बोललं नाही.

ठरलं ते असं. काऊल आणि बॉनेट हिरवं, कारण तिथे तोच पहिला रंग होता. हौदा आणि फाळका लाल, कारण तिथे तोच पहिला रंग होता. दोन्ही ओरिजिनल! तपकिरी परत मारायचा नाही, पण डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला एक वीतभर पत्रा जसा आहे तसा सोडायचा, तिन्ही थर दिसतील असा, आणि त्यावर नुसता पारदर्शक हात. आरसीतल्या रंगाच्या नोंदीसाठी आधी आरटीओत विचारायचं. फाळक्यावर जुनीच अक्षरं येणार, फक्त 'हॉर्न ओके प्लीज' सोडून. कारण 2015 मध्ये आपल्या परिवहन आयुक्तांनी ते लिहायला मनाई केली. म्हणजे बघा, या ट्रकवर सरकार अजूनही एक थर चढवतंच आहे.

तुमच्या घरी, शेडमध्ये, बांधावर अशी एखादी गाडी उभी असेल तर तिला लगेच पॉलिश पेपर लावू नका. आधी ऊन न लागलेल्या जागांचे दिवसाउजेडी फोटो काढा, आरसी बुक जपा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गाडीजवळ खुर्ची टाकून बसवा. मशीनला रंगाचा आकडा कळतो. तो कोणत्या दिवाळीला मारला, ते त्याच माणसाला माहीत असतं.